‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ दुसऱ्यांदा वाचताना जमाखर्च मांडा

जॉन स्टाइनबेकची ही कादंबरी १९३९ साली आली. अमेरिकेतल्या महामंदीत जमीन गेलेलं, जोड आडनावाचं कुटुंब ओक्लाहोमातून कॅलिफोर्नियाला निघतं. पहिल्या वाचनात त्यांचं पुढे काय होणार या ओढीनं पानं उलटली जातात. दुसऱ्या वेळी ते ठाऊक असतं, तेव्हा लक्ष पैशावर ठेवा.

एका वहीत तीन रकाने पाडा: प्रकरण, आले-गेलेले पैसे आणि भाव कोणी ठरवला. खरं काम तिसऱ्या रकान्याचं आहे. एकूण ३० प्रकरणं आहेत. १ ते ११ ओक्लाहोमात, १२ ते १८ रूट ६६ या महामार्गावर, १९ पासून कॅलिफोर्नियात. टप्पा संपला की वही चाळा आणि मगच पुढे जा.

बहुतेक वाचक घसरतात ते मधल्या प्रकरणांत. ३० पैकी १६ प्रकरणांत जोड कुटुंब नाहीच. तिथे कथानक थांबल्यासारखं वाटतं आणि पानं भराभर पुढे ढकलली जातात. पण हिशेबाची गुरुकिल्ली तिथेच आहे. ही प्रकरणं शेजारच्या प्रकरणाला जोडून, एका बैठकीत वाचा. नवव्यात गाव सोडणारे सगळेच घरचं सामान मातीमोल विकतात. दहाव्यात जोडांच्या हाती सगळ्या सामानाचे मिळून १८ डॉलर पडतात. नववं गाळलं, तर १८ हा आकडा नुसतं एका घराचं दुर्दैव वाटतो.

पाचवं प्रकरण मात्र सावकाश वाचा. घर पाडायला आलेला ट्रॅक्टरवाला ओळखीच्याच घरातला पोरगा आहे, रोज ३ डॉलरवर. कुळ विचारतं, मग गोळी घालायची कोणाला? पोरगा बँकेकडे बोट दाखवतो, बँकेला हुकूम देशाच्या पूर्व भागातून येतात. तिसरा रकाना इथे भरता येत नाही. तो रिकामाच सोडा, ओढूनताणून नाव लिहू नका.

सोळाव्यात मजूर हवेत अशा जाहिरातीच्या कागदांचं गणित येतं: माणसं हवीत ८००, कागद छापले ५०००. ही नोंद ठळक करा, कारण सव्विसाव्यातली मजुरी तिच्यावरच उभी आहे. पीच तोडणीचे पेटीमागे ५ सेंट, म्हणजे डॉलरला २० पेट्या. संप मोडायला आणलेल्यांना हा दर मिळतो. संप मोडला की तो अडीच सेंटांवर येतो. त्याच प्रकरणात जोडांची आई मजुरीपोटी मिळालेली डॉलरची चिठ्ठी घेऊन मळ्याच्याच दुकानात जाते. तिथले भाव शहरापेक्षा चढे. डॉलर संपतो, साखर राहते आणि साखरेचे १० सेंट दुकानातला नोकर पदरचे घालतो. मजुरी आणि किराणा दोन्हींचा भाव एकच मालक ठरवतो, हे वहीत शेजारी-शेजारी लिहिल्यावर लख्ख दिसतं.

जॉन फोर्डचा १९४० चा चित्रपट आधी पाहिला असेल तर जपून. त्यात स्थलांतरित मजुरांची सरकारी छावणी पीचच्या मळ्यानंतर येते, पुस्तकात आधी. क्रम उलटला की उतरती कथा चढती होते. वाचन संपेपर्यंत चित्रपट बाजूला ठेवलेला बरा.

जोडांसारखी कुटुंबं का हुसकावली गेली, याचं सगळं खापर त्या काळच्या धुळीच्या वादळांवर फोडायचीही सवय आहे. जोडांचं गाव सॅलिसॉ ओक्लाहोमाच्या पूर्व टोकाला. वादळांचा मुख्य पट्टा पश्चिमेला. पूर्वेकडच्या कुळांना हुसकावण्यात कापसाचे पडलेले भाव, ट्रॅक्टर आणि कर्ज यांचा वाटा मोठा होता. दुसरी उणीव लेखकाची: कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत आधीपासून राबणारे मेक्सिकन आणि फिलिपिनो मजूर इथे जवळजवळ दिसत नाहीत. स्टाइनबेकनं ऑक्टोबर १९३६ मध्ये ‘सॅन फ्रान्सिस्को न्यूज’मध्ये लिहिलेल्या सात लेखांत, ‘द हार्वेस्ट जिप्सीज’मध्ये, त्यांचा उल्लेख सापडतो. हे लेख अठराव्या प्रकरणानंतर, कॅलिफोर्नियाचा टप्पा सुरू करण्याआधी वाचा. तिथले मजुरीचे आकडे याच वहीत उतरवले, की पुढच्या १२ प्रकरणांशी ताडून पाहता येतात.