तारीख नंतर, भाडे आधी: स्वस्त विमान तिकीट शोधण्याची पद्धत

बहुतेक घरांत प्रवासाचा बेत एकाच क्रमाने ठरतो. आधी ठिकाण ठरते, मग रजा मंजूर होते, मग मुलांच्या सुट्ट्यांशी मेळ घातला जातो आणि सगळ्यात शेवटी कोणीतरी तिकिटे पाहायला बसते. तोवर भाडे कितीही असले तरी ते भरण्यावाचून गत्यंतर उरलेले नसते. वर्षातून एकदाच जायचे असेल तर हे चालून जाते. त्याच पैशांत दोन-तीनदा जायचे असेल, तर मात्र क्रम उलटा करावा लागतो: आधी भाडे पाहावे, त्यावरून तारीख ठरवावी आणि जमल्यास ठिकाणही त्यावरूनच.

यासाठी फार खटपट लागत नाही. गूगल फ्लाइट्सवर निघण्याचे आणि पोहोचण्याचे शहर भरून तारखेची चौकट उघडली की दिनदर्शिकेतील दिवसांखाली त्या-त्या दिवसाचे कमीत कमी भाडे दिसू लागते. स्कायस्कॅनरवर एका तारखेऐवजी अख्खा महिना निवडता येतो, आणि जाण्याचे ठिकाणच मोकळे ठेवले तर आपल्या शहरातून कुठे कितीत जाता येईल याची यादी समोर येते. एखादा मार्ग मनात असेल, तर त्याच्या भाड्यावर लक्ष ठेवण्याची सूचना तिथेच नोंदवावी, म्हणजे भाडे बदलले की ईमेल येतो आणि रोज उठून पाहण्याचा त्रास वाचतो. शोध या ठिकाणी घ्यावा, परंतु खरेदी शक्यतो विमान कंपनीच्याच संकेतस्थळावर करावी. दोनशे-तीनशे रुपये वाचतात म्हणून अनोळखी मध्यस्थाकडून तिकीट घेतले आणि पुढे तारीख बदलायची वेळ आली, तर कंपनी मध्यस्थाकडे आणि मध्यस्थ कंपनीकडे बोट दाखवतो.

कोणत्या दिवशी तिकीट खरेदी करावे यावर बरीच चर्चा होते. मंगळवारी मध्यरात्री भाडी उतरतात, असेही सांगितले जाते. माझ्या मते त्यात वेळ घालवू नये. खरेदीच्या दिवसापेक्षा उड्डाणाचा दिवस कितीतरी अधिक महत्त्वाचा असतो. शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी रात्री परतणारे विमान सर्वांनाच हवे असते. मंगळवारी किंवा बुधवारी भल्या पहाटे सुटणारे फारसे कोणाला हवे नसते. हीच गोष्ट वर्षाच्या पंचांगालाही लागू पडते. दिवाळी, मे महिना, नाताळ आणि जोडून आलेल्या सुट्ट्या यांत स्वस्ताई शोधणे व्यर्थ आहे. याउलट गणपती विसर्जनानंतरचा पितृपंधरवडा, मकरसंक्रांत उलटल्यापासून शाळांच्या वार्षिक परीक्षांपर्यंतचे आठवडे आणि गोव्यापुरते बोलायचे तर जुलै-ऑगस्टचा भर पावसाळा, हे दिवस आधी तपासावेत. पितृपक्षात प्रवासाला निघू नये असे ज्यांच्या घरी मानतात त्यांचा आदर राखून एवढेच म्हणेन की, ज्यांना तशी अडचण नाही त्यांनी संधी सोडू नये.

आता थोडे भाड्याच्या रचनेविषयी, कारण ती समजली की बरेच कोडे सुटते. एकाच विमानातील एकाच वर्गाच्या जागा वेगवेगळ्या भाड्यांच्या गटांत विभागलेल्या असतात आणि स्वस्त गट भरला की पुढचा महाग गट विक्रीस येतो. समजा, पुणे ते दिल्ली उड्डाणात ४,२०० रुपयांच्या दोनच जागा शिल्लक आहेत आणि त्यानंतरचा गट ५,१०० रुपयांचा आहे. आपण चार प्रवाशांसाठी एकत्र शोध घेतला, तर चारही जणांना एकाच गटात बसवण्यासाठी प्रत्येकी ५,१०० रुपये दाखवले जाण्याची शक्यता असते. म्हणून कुटुंबासाठी तिकिटे काढताना आधी एका प्रवाशासाठी शोधून पाहावे, मग दोघांसाठी, मग चौघांसाठी. भाडे मध्येच उडी मारत असेल तर दोन वेगळ्या नोंदण्या कराव्यात. वरील उदाहरणात १,८०० रुपये वाचतात. लहान मुले बरोबर असतील तर प्रत्येक नोंदणीत एक मोठी व्यक्ती असेल, याची काळजी घ्यावी.

विमानतळ बदलूनही फरक पडतो. गोव्यासाठी दाबोळी आणि मोपा हे दोन्ही पर्याय पाहावेत. मोपा पेडणे तालुक्यात असल्यामुळे हरमलला किंवा थेट सावंतवाडीला जाणाऱ्यांना ते सोयीचे आहे. दक्षिण गोव्यातील पाळोळ्याला जायचे असेल तर मात्र मोपाच्या तिकिटात वाचलेले पैसे टॅक्सीत जातील. मुंबईकरांना २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचाही पर्याय मिळाला आहे आणि पनवेल किंवा पुण्याच्या बाजूने येणाऱ्यांनी तो अवश्य तपासावा. घरापासून मुक्कामापर्यंतचा सगळा खर्च कागदावर मांडल्याशिवाय कोणतेही तिकीट स्वस्त म्हणू नये.

दोन वेगळी तिकिटे जोडून प्रवास स्वस्त करण्याची युक्तीही अनेकजण वापरतात. मी ती एकदा गुवाहाटीला जाताना वापरली. पहिले विमान दीड तास उशिरा पोहोचले, पट्ट्यावरून बॅग येईपर्यंत दुसऱ्या कंपनीचा काउंटर बंद झाला होता आणि ते तिकीट वाया गेले. स्वतंत्र तिकिटे असल्यामुळे तक्रार करायलाही जागा नव्हती. तेव्हापासून अशा दोन उड्डाणांमध्ये मी निदान पाच तास ठेवतो किंवा सरळ एका रात्रीचा मुक्काम करतो.

शेवटच्या पानावर पैसे भरण्यापूर्वी क्षणभर थांबून आपोआप जोडलेला विमा, निवडलेली जागा आणि खाणे काढून टाकावे. जादा सामान न्यायचे असेल तर त्याचे पैसे आधीच ऑनलाइन भरावेत, कारण विमानतळावर तोच दर बराच चढा असतो. आणि कधी तिकीट रद्द करावे लागलेच, तर ‘परतावा नाही’ असे छापलेले पाहून गप्प बसू नये. भारतातील नियमांनुसार अशा तिकिटावरही सरकारी कर आणि विमानतळाचे वापरकर्ता शुल्क परत मिळण्याचा प्रवाशाला हक्क आहे. स्वस्त तिकिटात हा भाग बऱ्याचदा दुर्लक्ष करण्याइतका लहान नसतो, त्यामुळे पावतीवरील तपशील पाहून तेवढ्या रकमेची मागणी लेखी करावी.