फायबरग्लास रॉकेटचा पंख निखळला तेव्हा

टेक्सासात राहून लेव्हल १ या हौशी रॉकेटवाल्यांच्या प्रमाणपत्रासाठी फायबरग्लासच्या रॉकेटचं किट घेतलं. तीन इंची नळी, आत मोटर बसते ती ३८ मिमीची मोटर नळी. लेव्हल १ म्हणजे एच किंवा आय मोटरवर (ही अक्षरं मोटरच्या ताकदीची) उडवून रॉकेट शाबूत परत आणायचं.

बाहेरच्या नळीच्या खाचेतून पंख आतल्या मोटर नळीला चिकटवून दोन दिवस झाले होते. टेबलाला जरासा धक्का लागला आणि एक पंख अख्खा निघून हातात आला. फार वाईट वाटलं. इपॉक्सी गोंदाचा थर पंखाला तसाच होता, पण त्याची खालची बाजू काचेसारखी गुळगुळीत. म्हणजे मोटर नळीला तो चिकटलाच नव्हता. पंखाची कड मी घासली होती, नळीची चकाकी मात्र तशीच ठेवली होती.

मग ८० नंबरचा पॉलिश पेपर घेतला, पाणी लावून घासलं. मास्क हवाच, ही धूळ फुफ्फुसात जाता कामा नये. चकाकी पूर्ण गेल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, पंख पुन्हा बसवला. खरी ताकद आतल्या सांध्यात असते, म्हणून पंखाशेजारी बारीक भोकं पाडून सिरिंजने आत इपॉक्सी सोडलं आणि एकेक बाजू चोवीस तास आडवी ठेवली.

शेपूट जड झाली, म्हणून गुरुत्वमध्य पुन्हा मोजला. तो दाबकेंद्राच्या, म्हणजे हवेचा दाब जिथे एकवटतो त्या बिंदूच्या, पुढे निदान नळीच्या एका व्यासाइतका हवा. माझा मागे सरकला होता, नाकात थोडं वजन भरून जागेवर आणला.