'अझ्यूम' वापरताय? मग या चुका टाळा

मालवणात आमच्या शेजारच्या काकींचा छोटासा होमस्टे आहे. मे महिन्यात त्यांच्याकडे परदेशी पाहुणे होते, रोज जेवायला येतो सांगायचे आणि यायचेच नाहीत, काकी बिचाऱ्या सोलकढी काढून, मासे तळायचे ठेवून वाट बघत बसायच्या. शेवटी त्यांच्या मुलाने वैतागून इंग्लिशमध्ये मेसेज टाकला, 'प्लीज डोन्ट अझ्यूम अस', त्याला म्हणायचं होतं की आम्हाला गृहीत धरू नका. पाहुण्यांना काय ते कळलंच नाही.

मला वाटतं आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक हीच. मराठीत 'गृहीत धरणं' दोन कामं करतं, एक म्हणजे खात्री न करता एखादी गोष्ट खरी मानणं आणि दुसरं म्हणजे माणसाची कदर न करणं. अझ्यूम फक्त पहिलं काम करतं. दुसऱ्यासाठी 'टेक समवन फॉर ग्रँटेड' म्हणायचं, म्हणजे इथे 'प्लीज डोन्ट टेक अस फॉर ग्रँटेड'. आणि पाहुण्यालाच लिहायचंय तर त्याहून बरं, जेवणार असाल तर चारच्या आत कळवा एवढंच लिहा.

दुसरी चूक अपेक्षेची. 'आय अझ्यूम यू विल पे अ‍ॅडव्हान्स' लिहिलं की तुम्ही न विचारताच ठरवून टाकलंत असं वाटतं, विनंती असेल तर सरळ 'प्लीज पे' लिहा ना.

मूळ कळलं की गोंधळ बराच कमी होतो. लॅटिनमध्ये 'सूमेरे' म्हणजे घेणं, त्यातूनच अझ्यूम, रिझ्यूम, कन्झ्यूम आले. म्हणून 'अझ्यूम चार्ज' म्हणजे पदभार घेणं, त्यात अंदाजाचा संबंधच नाही. वसईच्या चर्चमध्ये १५ ऑगस्टला मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण असतो त्याला इंग्लिशमध्ये 'अझम्प्शन' म्हणतात, तिथेही अर्थ वर घेतलं जाणं हाच. आणि गंमत बघा, आपलं 'गृहीत'सुद्धा 'ग्रह्' म्हणजे घेणं, पकडणं या धातूपासूनच आलंय!

'प्रिझ्यूम' मात्र अझ्यूमच्या जागी डोळे झाकून टाकू नका. त्यात 'प्री' म्हणजे आधीच, आणि मानायला काहीतरी आधार असावा लागतो. दर्यात गेलेल्या माणसाची ७ वर्षं घरच्यांना काहीच खबर लागली नाही तर कायद्याने तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते, अशा माणसाला 'प्रिझ्यूम्ड डेड' म्हणजे मृत मानलेला म्हणतात. तिथे कोणी 'अझ्यूम्ड डेड' लिहीत नाही.