सेवेरोद्विन्स्कचा हिवाळा कसा काढायचा

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीतल्या एका मुलीच्या नवऱ्याला कामासाठी दोन वर्षं रशियातल्या सेवेरोद्विन्स्कला जायचंय. ती परवा वही घेऊनच आली, "काकू, काय काय नेऊ?" २०११ पासून आम्ही तिथे होतो. आपली विमानवाहू युद्धनौका विक्रमादित्य तिथल्या सेवमाश गोदीत तयार होत होती, ह्यांचं काम तिच्यावर. १६ नोव्हेंबर २०१३ ला तिच्यावर तिरंगा चढला आणि पाठोपाठ आम्ही परतलो. दोन हिवाळे काढले, त्यातून जे कळलं ते तिला सांगितलं, तेच इथे लिहिते.

हे गाव गोदीसाठीच वसवलेलं आहे, १९३६ मध्ये, श्वेत समुद्राकाठच्या दलदलीत. अर्खांगेल्स्क शहर तिथून ३५ किलोमीटर. परदेशी माणसाला परवानगीशिवाय गावात पाऊल टाकता येत नाही, म्हणून पाव आणायला खाली उतरलात तरी कागदपत्रं खिशात हवीत. गोदीच्या दिशेने मोबाइल उचलायचा नाही, मागे सूर्यास्त कितीही सुंदर असो. मुंबईत नौदलाच्या गोदीच्या लायन गेटसमोर आपण वागतो तसंच.

कपडे इथून घेऊ नका. मी गोखले रोडवरून जाडजूड जॅकेट आणि बूट घेऊन गेले, पहिल्याच आठवड्यात बुटाचे तळवे दगडासारखे कडक झाले. बूट तिथेच घ्या, एक नंबर मोठे, म्हणजे लोकरी मोज्यांभोवती हवा खेळती राहते. घरात, दुकानात, बसमध्ये मात्र चांगलंच उबदार असतं. आत शिरल्याबरोबर कोट आणि टोपी काढा. कोटात घाम आला आणि तसेच बाहेर पडलात, तर तोच घाम अंगावर गार होतो. आजारपण तिथून सुरू होतं. आत सुती, वर लोकर, त्यावर वारा अडवणारा कोट, एवढं पुरतं. बर्फावर चालताना कोकणातली शेवाळलेली पाखाडी आठवा: छोटी पावलं, पूर्ण तळवा टेकवून. आणि इमारतीच्या भिंतीला लागून चालू नका, छपरावरून बर्फाचे सुळे कोसळतात.

स्वयंपाकाचं जास्त सांगते, कारण घर तिथेच उभं राहतं. वाशीच्या मसाला मार्केटमधून हिंग, गूळ, बेसन, कोकम, तांदळाची पिठी आणि देठासकट लाल मिरच्या न्या. मिरच्या दह्यासाठीसुद्धा. मी आधी तिथल्या केफीरचं, म्हणजे आंबवलेल्या दुधाचं, विरजण लावून पाहिलं, पातळ आणि आंबट काहीतरी झालं. मग सासूबाईंची युक्ती केली: कोमट दुधात सात-आठ मिरच्यांचे देठ. बरणी थेट बातारेयावर, म्हणजे भिंतीतल्या गरम नळ्यांवर, ठेवली तर दूध फाटतं. शेजारी खुर्ची ओढा, बरणी शालीत गुंडाळा आणि नळ्यांपासून हातभर लांब ठेवा. पहिलं दही सैलसर लागतं, ते खायचं नाही, त्याचं विरजण दुसऱ्या दुधाला लावायचं. दुसरं असं लागतं की चमचा उभा राहतो. केफीर वाया घालवू नका, त्याची कढी झकास होते.

भाजी म्हणजे कोबी, बीट, गाजर, बटाटा. पण पहिल्यांदा बाजारात गेले तेव्हा शेपूची जुडी दिसली आणि मला रडूच आलं. ते लोक त्याला उक्रोप म्हणतात आणि सगळ्यावर भुरभुरतात. मुगाची डाळ नेलीत तर शेपूची भाजी अगदी घरच्यासारखी होते.

आता खरं महत्त्वाचं. थंडीची सवय होते, अंधाराची होत नाही. डिसेंबरात दिवस चार तासांचाही नसतो. आमच्या वेळी अकरा वाजून गेल्यावर उजाडायचं. २०१४ मध्ये घड्याळ तासभर मागे घेतलंय, तेव्हा आता साधारण सव्वादहा ते सव्वादोन धरा. पहिल्या डिसेंबरात मी उशिरा उठायचे, आवराआवर करायचे, खिडकीशी येईपर्यंत दिवस संपलेला. महिनाभरात कुणाशी बोलावंसं वाटेना, फोनवर आईशीसुद्धा नाही. शेजारच्या बाईने ते ओळखलं. दार वाजवून माझा कोट माझ्या हातात दिला आणि मला याग्रीला नेलं. याग्री हे पुलापलीकडचं बेट, तिथे पाइनचं रान आणि लांबच लांब किनारा, समुद्र गोठलेला. बायका बाबागाड्या ढकलत फिरत होत्या, बाळं उघड्या हवेत गाढ झोपलेली. त्या दिवसापासून बारा वाजता घराबाहेर, काहीही झालं तरी. भांडी पडू द्या, धुणं पडू द्या. ड जीवनसत्त्वाचं डॉक्टरांना निघण्याआधीच विचारा. जूनमध्ये उलटं होतं, रात्रभर उजेड. त्यासाठी जाड पडदे न्या.

शेजार जपा. कुणाकडे फुलं नेलीत तर विषम संख्येत. सम फुलं फक्त अंत्ययात्रेला. संक्रांतीला मी त्याच बाईच्या दारात उभी राहून तिळगुळाचा डबा पुढे केला, तर तिने हात मागे घेतला. मी ओशाळले. मग तिने मला दंडाला धरून आत ओढलं आणि डबा घेतला. उंबरठ्यावर देणंघेणं करायचं नाही, माझी आजीही हेच म्हणायची. तेव्हा आत जा, बूट काढा, मग डबा द्या. माझा डबा आठवड्याने परत आला, मोरोश्का नावाच्या पिवळ्या रानफळांच्या मुरंब्याने काठोकाठ भरलेला.