आकृती बघून काढायची टेस्ट: घरच्या माणसाला नेताना काय करायचं, कागदावर काय बघायचं

बाबांना मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक झाला त्यानंतर आम्ही त्यांना न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे (मेंदूच्या आजाराचा लक्ष, स्मरण, विचार यांवर काय परिणाम झाला ते टेस्ट घेऊन बघणारे) नेलं, त्यांनी एक आकृती समोर ठेवली आणि सांगितलं बघून काढा. बाबांनी फक्त उजवी बाजू काढली, पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले झालं. मला राहवलं नाही, "बाबा डावीकडचं राहिलं" असं बोलून बसले आणि नेमकं जे तपासायचं होतं तेच बिघडवलं. तुमच्याकडून असं होऊ नये म्हणून हे लिहितेय.

आधी तयारी. जवळचा चष्मा न्या (लांबचा नाही!), मोतीबिंदू असेल, हाताला कंप असेल, उजव्या हाताने लिहिणाऱ्याला आता डाव्याने काढावं लागत असेल तर सुरुवातीलाच सांगा. शिक्षण किती झालं, कागद-पेन्सिलची सवय किती हे पण सांगा, शाळेत न गेलेल्या आजीला ठोकळा नीट काढता नाही आला म्हणजे लगेच डिमेन्शिया नव्हे. आणि प्लीज नेटवरून आकृत्या काढून घरी प्रॅक्टिस घेऊ नका. पाठ झालेल्या आकृतीवरून डॉक्टरांना काहीच कळत नाही.

आकृत्या बऱ्याच प्रकारच्या असतात. एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन, ठोकळा, घड्याळ, आणि सगळ्यात किचकट म्हणजे रे-ऑस्टरीथ आकृती. ती आंद्रे रे या स्विस मानसशास्त्रज्ञाने 1941 मध्ये आणली आणि 1944 मध्ये ऑस्टरीथने तिची मार्क द्यायची पद्धत बसवली. 18 भाग, प्रत्येकाला 2, एकूण 36. आधी बघून काढायची, मग मूळ आकृती समोरून उचलून घेतात आणि थोड्या वेळाने, साधारण अर्ध्या तासाने, आठवून काढायला लावतात. आधी सांगत नाहीत की पुन्हा काढायचीय, तुम्हीही फोडू नका. मध्येच पेन्सिलचा रंग बदलायला लावला तर घाबरू नका, कुठला भाग आधी काढला ते त्यावरून कळतं, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची माहिती हीच आहे. मोठा आयत आधी काढून मग आत भरणारा माणूस आणि एका कोपऱ्यापासून तुकडा तुकडा जोडत जाणारा माणूस, दोघांचे मार्क सारखे येऊ शकतात पण डोक्यातलं काम वेगळं चाललेलं असतं.

आता कागद वाचायचा कसा. डोळ्यांकडून आलेलं चित्र मेंदूच्या मागच्या भागात पोचतं, तिथून एक वाट वर पॅरायटल भागाकडे जाते, ती वस्तू कुठे आहे आणि हात कसा न्यायचा ते बघते, दुसरी खाली टेम्पोरल भागाकडे जाते, ती वस्तू काय आहे ते ओळखते. म्हणून काही जणांना किल्लीचं चित्र हुबेहूब काढता येतं पण हे काय आहे विचारलं तर सांगता येत नाही, याला व्हिज्युअल ॲग्नोजिया म्हणतात. उजव्या मेंदूला मार बसला तर सहसा भाग असतात पण विस्कटलेले, जागा चुकलेल्या. डाव्या बाजूचं नुकसान असेल तर बाह्यरेषा बरी पण आतलं बारीकसारीक गळालेलं. अल्झायमरमध्ये कधी कधी माणूस मूळ आकृतीला चिकटूनच किंवा तिच्यावरच काढत जातो. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हटल्यावर काटे 10 आणि 11 वर नेले तर तो ऐकलेल्या आकड्याला अडकणं आहे, चित्रकला कच्ची असणं नाही. आणि नजर तपासून चष्मा चार वेळा बदलला तरी ओळ सापडत नाही, पायरी चुकते असं असेल तर पोस्टीरियर कॉर्टिकल ॲट्रोफीबद्दल (मेंदूचा मागचा, बघितलेलं समजून घेणारा भाग हळूहळू झिजण्याचा आजार) जरूर विचारा.

पण एका कागदावरून घरी बसून निदान करू नका. स्कॅन, बोलण्याच्या आणि स्मरणाच्या टेस्ट हे सगळं एकत्र बघावं लागतं. रिपोर्टमध्ये बघून काढल्याचे आणि आठवून काढल्याचे मार्क वेगवेगळे मागा. बघून काढतानाच गडबड असेल तर आठवणीचे कमी मार्क नुसत्या विसरण्याचे धरता येत नाहीत.

आमच्या बाबांचं निग्लेक्ट निघालं, म्हणजे डोळे ठीक पण डावीकडे लक्षच जात नाही. तेव्हा कळलं की आठवडाभर ते ताटातली डावी बाजू का सोडत होते, चटणी-कोशिंबीर तशीच आणि वर तक्रार की चटणी वाढलीच नाही, आणि आम्ही त्यांच्यावर वैतागत होतो. मग पेपरच्या डाव्या कडेला जाड लाल रेघ मारून द्यायला लागलो, रेघ दिसेपर्यंत मान वळवायची आणि मग ओळ वाचायची. जेवताना मी डावीकडे बसून "चटणी कुठंय बाबा?" विचारते, त्यांनी शोधलीच नाही तर शेवटी ताट फिरवते. रस्ता मात्र अजून एकट्याने ओलांडू देत नाही.