शेर लावा, पण डोळे सांभाळून

शेर हे झाड जगवायला फार काही लागत नाही. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या गोल हिरव्या फांद्या, नावापुरती पानं आणि तीही लगेच गळणारी. अन्न तयार करण्याचं काम फांद्यांची हिरवी सालच करते. शास्त्रीय नाव युफोर्बिया तिरुकाली. जमिनीत लावला तर चार-पाच मीटर सहज जातो. शेंडे केशरी-लाल होणारा ‘स्टिक्स ऑन फायर’ हा प्रकार त्यामानाने बुटका राहतो आणि कुंडीला तोच बरा.

अवघड आहे ते त्याला कापणं. फांदी मोडली, नुसती खरचटली, तरी पांढरा चीक लगेच वाहू लागतो, कारण तो आत दाबाखाली असतो. त्यातले डायटर्पीन एस्टर नावाचे दाहक पदार्थ कातडीला लागले तर आग होते, पुरळ किंवा फोड येतात. पोटात गेले तर तोंड-घसा भाजल्यासारखा होतो, उलट्या-जुलाब होतात. पण सगळ्यात वाईट अवस्था होते ती डोळ्याची. हे माहीत असेल तरच झाड घरी आणा.

जागा: दिवसाला किमान पाच-सहा तास थेट ऊन. सावलीत लाल प्रकारही हिरवाच राहतो आणि फांद्या लांबट, लुळ्या होतात. येण्याजाण्याच्या वाटेवर, दारालगत किंवा मुलं आणि पाळीव प्राणी वावरतात तिथे ठेवू नका. येता-जाता अंग घासून फांदी मोडणं हा नेहमीचा अपघात. माशांच्या टाकीजवळही नको, चीक पाण्यात पडला तर मासे मरतात. घराच्या आतल्या कोपऱ्यात ‘शोभेसाठी’ ठेवायचा सल्ला देणाऱ्याला ना झाड कळलंय, ना घरातली माणसं.

माती: निम्मी कुंडीची माती, निम्मी जाड वाळू किंवा परलाइट (हलके पांढरे खनिज खडे). कुंडी मातीची, खाली मोठं भोक असलेली.

पाणी: माती तळापर्यंत सुकल्यावरच भरपूर द्या. थंडीत त्याहूनही कमी. शेर तहानेने क्वचितच मरतो, कुजून मात्र हमखास मरतो. खत वाढीच्या काळात एक-दोनदा, पाकिटावरच्या मात्रेच्या निम्मं. दंव पडत असेल तर कुंडी आडोशाला घ्या.

आता छाटणी.

‘हातमोजे घाला’ एवढं सांगून थांबणारे सल्ले अर्धवट आहेत, आणि अर्धवट म्हणूनच घातक. हातमोज्यांनी हात वाचतो. पण हात चिकट झालाय हे त्यामुळेच कळत नाही. कपाळावर घाम आला की मोजा घातलेलाच हात डोळ्याकडे जातो. तेव्हा आधी डोळ्यांची सोय करा. चारी बाजूंनी बंद असलेला संरक्षक चष्मा लावा. नंबरचा चष्मा पुरत नाही, बाजूने उडालेला थेंब तो अडवत नाही. लांब बाह्यांचा जुना सदरा घाला, हातात नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) मोजे घाला आणि केस बांधून घ्या. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा. घाम पुसायला कुणीतरी दुसरं माणूस जवळ असलं तर उत्तमच.

डोळ्यांच्या रेषेच्या वरची फांदी खाली उभं राहून कधीही कापू नका, चीक सरळ तोंडावर ठिबकतो. उंच फांदीसाठी लांब दांड्याची कात्री घ्या आणि बाजूला उभे राहा. दिवस कोरडा हवा, वारा नको. पावसाळी, दमट हवेत जखम सुकत नाही आणि तिथूनच कूज शिरते.

धारदार पातं सांध्यावर, जिथे फांदी सगळ्यात बारीक असते, तिथे एकाच झटक्यात चालवा. बोथट कात्रीने फांदी चेंगरते आणि चीक दुप्पट गळतो. झाडावरच्या जखमेवर लगेच पाण्याचा हलका फवारा मारा, चीक थांबतो. कापलेल्या तुकड्याचं टोक भांड्यातल्या पाण्यात धरा. ते पाणीही चिकाचंच, ते उडू देऊ नका.

काम संपल्यावर कात्री आधी कागदाने पुसा, मग स्पिरिटने. मोजे आतली बाजू बाहेर येईल असे उलटे काढा, मगच चष्म्याला हात लावा. कपडे वेगळे धुवा. कातडीवर चीक लागला असेल तर घासू नका. आधी कागदाने टिपून घ्या, मग साबण आणि भरपूर पाणी. सुकलेला चीक नुसत्या पाण्याने निघत नाही. छाटलेल्या फांद्या पिशवीत बंद करून टाका. जाळू तर मुळीच नका, धूरही डोळे-घसा जाळतो. आणि हा चीक चामखिळीवर लावायचा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नका.

एवढं करूनही डोळ्यात गेलाच, तर त्याच क्षणी वाहत्या स्वच्छ पाण्याखाली डोळा उघडा धरून १५ ते २० मिनिटं धुवा. लेन्स असेल तर काढा. पाणी नाकाकडून बाहेरच्या बाजूला वाहू द्या, म्हणजे दुसरा डोळा वाचतो. चोळू नका. घरात पडलेले कुठलेही थेंब घालू नका. मग त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा, बरं वाटत असलं तरी. सुरुवातीला नुसती चुणचुण असते आणि काही तासांनी वेदना वाढून धूसर दिसू लागतं, असं होऊ शकतं. तोवर बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला सूज आलेली असते. वेळेत उपचार मिळाले तर डोळा सहसा सावरतो. झाडाचं नाव किंवा फोटो सोबत न्या. चीक पोटात गेला असेल तर तोंड धुवा, मुद्दाम उलटी करवू नका, आणि थेट डॉक्टर गाठा.

कापलेल्या तुकड्यांची रोपं करायची असतील तर १० ते १५ सेंटीमीटर लांबीचे घ्या. सावलीत, हवेशीर जागी पाच ते सात दिवस पडू द्या, जाड तुकडे दोन आठवडे. कापलेला भाग कडक, खपलीसारखा झाला की दोन-तीन सेंटीमीटर खोल, कोरड्या मातीत खोचा. उभा राहत नसेल तर काडीचा आधार द्या. पहिला आठवडा पाणी नाही, त्यानंतरही अगदी थोडं. तुकडा जरा सुरकुतला तर घाबरून पाणी ओतू नका. मुळं फोडणारी पावडर लागत नाही. बुड काळं, मऊ पडलं तर वर निरोगी भागापर्यंत पुन्हा कापा, पुन्हा चष्मा लावून, आणि पुन्हा सुकवा.

तीन ते सहा आठवड्यांत मुळं धरतात. ती धरली का हे बघायला तुकडा ओढून पाहण्याची सवय सोडा. कोवळी मुळं तुटतात आणि चीक सुटतो. शेंड्याला बारीक पानं दिसू लागली की ओळखा, आणि पहिलं भरपूर पाणी तेव्हा द्या.