आपले ओझे आणि लहानसहान प्रयत्न प्रभूच्या हाती कसे सोपवावेत

‘त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका, कारण तो तुमची काळजी घेतो’ हे पेत्राच्या पहिल्या पत्रातील वचन (5:7) आपल्याकडे ख्रिस्ती घरांच्या भिंतींवर लावलेले असते आणि मुलांनाही ते तोंडपाठ असते. मात्र चिंता टाकायची म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे, हे क्वचितच कोणी उलगडून सांगते. त्यामुळे काही जण ‘प्रभू पाहून घेईल’ असे म्हणत हातपाय गाळून बसतात, तर काही जण प्रार्थनेत सोपवलेली चिंता ‘आमेन’ म्हणता म्हणता पुन्हा उचलून घेतात. सोपवणे ही करण्याची गोष्ट आहे आणि ती सरावाने अंगवळणी पडते.

तिचा सर्वांत स्पष्ट नमुना बायबलमधील 2 राजे या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात सापडतो. इ. स. पू. 701 च्या सुमारास अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदा राज्यातील तटबंदीची नगरे एकामागून एक घेत होता आणि त्याने यरुशलेमेत हिज्कीया राजाला धमकीचे पत्र पाठवले. हिज्कीयाने ते जासुदांच्या हातून घेतले, वाचले, मंदिरात नेले आणि परमेश्वरापुढे उघडून पसरले. त्यानंतरची त्याची प्रार्थना अवघ्या पाच वचनांची आहे. आकाश व पृथ्वी निर्माण करणारा तूच आहेस, असे तो आधी म्हणतो. मग अश्शूरच्या राजांनी खरोखरच राष्ट्रे उद्ध्वस्त केली आहेत, हे तो काहीही सौम्य न करता मान्य करतो. आणि शेवटी, आम्हांला त्याच्या हातून सोडव, एवढेच मागतो. संकट लहान करून सांगण्याची त्याला गरज वाटली नाही, हे मला या प्रार्थनेतले सर्वांत शिकण्यासारखे वाटते.

आपणही हेच करावे. कर्जाच्या हप्त्याची नोटीस असो, तपासणीचा रिपोर्ट असो किंवा शाळेच्या फीचे पत्रक असो, तो कागद प्रार्थनेच्या वेळी खरोखरच समोर उघडून ठेवावा. ज्या ओझ्याला कागद नसतो, त्यासाठी एका चिठ्ठीवर एकच वाक्य लिहावे. पण ते नेमके असावे. ‘घरच्या अडचणी’ असे लिहिल्याने काहीच सोपवले जात नाही. ‘सासूबाईंची कूस बदलायला रात्री दोनदा उठावे लागते आणि सकाळी सातच्या पाळीला कामावर पोहोचायचे असते’ असे लिहिले, म्हणजे आपण कशाखाली दबलो आहोत ते आपल्यालाही दिसते. मग हिज्कीयाच्याच क्रमाने, देव कोण आहे, वस्तुस्थिती काय आहे आणि आपली विनंती काय आहे, हे आपल्या रोजच्या बोलीत मोठ्याने म्हणावे. प्रार्थनेची ठेवणीतली भाषा इथे आडच येते.

याच हिज्कीयाने वेढ्याच्या तयारीसाठी नगराबाहेरचे झरे बुजवले, पडलेला तट बांधून काढला आणि नगरात पाणी आणले, अशी नोंद शास्त्रात आहे. त्याच्या नावाने ओळखला जाणारा, खडकातून खोदलेला सुमारे 533 मीटर लांबीचा बोगदा आजही यरुशलेमेत पाहता येतो. म्हणून चिठ्ठीच्या खालच्या भागात, यातले माझ्या वाट्याचे काम कोणते, हेही लिहावे: बँकेत जाऊन मुदत मागणे, नणंदेला आठवड्यातून दोन रात्री येण्याची विनंती करणे, डॉक्टरांना पुन्हा भेटणे. पेत्रानेही चिंता टाकायला सांगितल्यानंतर लगेच पुढच्या वचनात सावध व जागे राहायला सांगितले आहे. औषधे बंद करून ‘विश्वासाने’ राहण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर तो मुळीच ऐकू नये. आपल्या वाट्याचे काम केल्यानंतर जे उरते, म्हणजे बँकेचा निर्णय, आजाराला उतार पडणे, दुसऱ्याचे मन वळणे, ते देवाचे. त्यावर रात्रभर हिशेब मांडत बसू नये.

ओझ्याइतकेच प्रयत्नही सोपवावे लागतात आणि हे आपण अधिक विसरतो, कारण लहान कामासाठी देवाला कशाला त्रास द्यायचा, असे वाटते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 6 व्या अध्यायात एका मुलाजवळच्या जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या दाखवून अंद्रियानेही, इतक्या लोकांना हे कसे पुरणार, असाच प्रश्न केला होता. येशूने मात्र आहे तेवढेच घेतले, त्यासाठी उपकारस्तुती केली आणि ते वाटून दिले. संडे स्कूलला चारच मुले येत असतील किंवा आजारी शेजाऱ्याला केवळ डबा पोहोचवायचा असेल, तरी आरंभी त्या कामाचे नाव घ्यावे, ते करता येत आहे याबद्दल आभार मानावेत आणि कामाला लागावे. ते झाल्यावर फळ किती आले हे मोजत बसू नये. पौलाने रोप लावले, त्याचा सहकारी अपुल्लोस याने पाणी घातले, पण वाढ देवाने दिली, असे करिंथच्या मंडळीला लिहिताना पौलाने स्वतःच म्हटले आहे.

रात्री दिवा मालवण्यापूर्वी दिवसभरातले अर्धवट राहिलेले काम नाव घेऊन देवाकडे द्यावे. यासाठी ‘मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो’ हे 31 व्या स्तोत्रातील शब्द पुरेसे आहेत. प्रभू येशूने वधस्तंभावर हेच शब्द उच्चारले आणि अनेक ख्रिस्ती परंपरांच्या रात्रीच्या उपासनेत ते शतकानुशतके म्हटले जात आहेत.

सकाळी तीच चिंता पुन्हा छातीवर येऊन बसली, तर विश्वास कमी पडला असे समजू नये. ‘आपला भार परमेश्वरावर टाक’ असे सांगणाऱ्या 55 व्या स्तोत्राचा कर्ताच संध्याकाळी, सकाळी आणि दुपारी देवाकडे गाऱ्हाणे मांडतो. पौलाने आपल्या शरीरातील काट्याविषयी, म्हणजे सतत सलणाऱ्या त्रासाविषयी, तीनदा विनंती केली आणि अटकेपूर्वी गेथशेमाने बागेत खुद्द प्रभूने तीच प्रार्थना तीनदा केली. तेव्हा तीच चिठ्ठी पुन्हा उघडावी आणि परिस्थिती बदलली असेल, तर त्यातले वाक्यही बदलावे.

काही ओझी मात्र एकट्याने सोपवता येत नाहीत. एकमेकांची ओझी वाहा, असे गलतीकरांस पत्रात सांगितले आहे ते त्यासाठीच. अशा वेळी पाळकांना किंवा मंडळीतील एखाद्या जाणत्या व्यक्तीला प्रार्थनेत सोबत घ्यावे. माणूस निवडताना तोंडाने घट्ट असलेला निवडावा, कारण प्रार्थनेची विनंती म्हणून सांगितलेली गोष्ट रविवारच्या उपासनेनंतर चर्चच्या आवारात चघळली जाते, हा अनुभव पुष्कळांना आहे. गोष्ट दुसऱ्या कोणाच्या खाजगी आयुष्याची असेल, तर सभेत नाव घेऊ नये. ‘एका कुटुंबासाठी प्रार्थना करा’ एवढे सांगितले तरी चालते.